हातांतले एक्के केव्हां टाकावे?

श्रोतेहो, धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुरास जाऊन आलेल्या यात्रेकरूंनीं भारतीबुवांच्या मठाची आख्यायिका ऐकलीच असेल. आई तुळजाभवानी या मठांत बुवांशीं सारीपाट खेळावयास येई, असें तेथील भाविक सांगतात. आईच्या भक्तांच्या गळ्यांत ज्या कवड्यांची माळ रुळते, तसल्याच कवड्यांनीं आपल्या आज्या-पणज्या सारीपाटाचें दान टाकीत. हा खेळ जाणणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मोठें दान पडलें म्हणून फुलीच्या घरांत निर्धास्त बसलेली सोंगटी उघड्यावर काढावयाची नसते. दान चांगलें पडणें निराळें आणि तें खेळणें हिताचें असणें निराळें.

हाच विवेक आज पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाच्या आधारें पाहूं. या खेळाच्या सर्वांत प्रचलित प्रकारांत प्रत्येकास दोन पानें गुप्त मिळतात व पांच पानें सर्वांसाठीं मिळून क्रमाक्रमानें उघडलीं जातात. त्यांतून पांच पानांचा उत्तम संच ज्याचा होईल तो जिंकतो. पानें पटलीं नाहींत तर तीं टाकून डावांतून बाहेर पडण्याची मोकळीक प्रत्येकास असते. दोन पानांच्या जोड्या एकूण १,३२६ होतात. त्यांपैकीं दोन एक्क्यांच्या केवळ ६. म्हणजे सरासरीनें २२१ डावांत एकदांच हें भाग्य लाभावयाचें. असे एक्के कोणी आपण होऊन टाकील काय?

घरच्या साध्या खेळांत मुळींच टाकूं नयेत. चिंचोके मांडून खेळत असाल, तर प्रत्येक चिंचोक्याची किंमत सारखीच असते. शंभर गमावणें आणि शंभर मिळविणें यांचें वजन एकच. समोर कोणतींहि पानें असोत असें धरलें, तर एकट्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दोन एक्के १०० पैकीं सुमारें ८५ वेळां जिंकतात. तेथें कचरण्याचें कारण नाहीं.

स्पर्धेंत मात्र हिशेब पालटतो. तेथें चिंचोके संपले कीं खेळाडू कायमचा बाद होतो, आणि बक्षीस चिंचोक्यांवर नव्हे, क्रमांकावर मिळतें. समजा, चार खेळाडू उरले आहेत, प्रत्येकापाशीं सारखेच चिंचोके आहेत, आणि १०० रुपयांचीं बक्षिसें ५०, ३० व २० अशीं पहिल्या तिघांस आहेत. प्रत्येकाचा न्याय्य वांटा २५ रुपयांचा झाला. आतां एकानें सर्वस्व पणाला लावलें व तुम्हीं तें आव्हान स्वीकारलें. जिंकलांत तर तुमचे चिंचोके दुप्पट होतील. पण वांटा दुप्पट होईल काय? तुम्ही पहिले येण्याची शक्यता आतां शेंकडा ५०, दुसरे येण्याची सुमारें ३३ व तिसरे येण्याची १७. हिशेब करतां वांटा ५० होत नाहीं, ३८ रुपयांच्या थोडा वर जातो. हरलांत तर मात्र सबंध २५ गेले. म्हणून येथें आव्हान स्वीकारावयास शंभरांत ५० नव्हे, तर सुमारें ६५ वेळां जिंकण्याचा भरंवसा हवा. हातांत दोन राण्या आहेत आणि समोर एक्का-राजा असावा असें अनुमान आहे, तर जिंकण्याची शक्यता शेंकडा सुमारें ५७. घरच्या खेळांत पुरेशी, येथें अपुरी. राण्या टाकाव्या हेंच शहाणपण. दोन एक्के असते तर अर्थातच खेळावे.

ही हिशेबाची रीत मूळची घोड्यांच्या शर्यतीच्या गणितांतली. हारव्हिल यांनीं १९७३ सालीं ती मांडली व १९८७ सालीं मॅलमथ यांनीं पोकरला लागू केली.

आतां खुद्द एक्क्यांची पाळी. कांहीं स्पर्धांत बक्षिसें सारखींच असतात. उदाहरणार्थ, मोठ्या स्पर्धेंत प्रवेश मिळवून देणाऱ्या पात्रता-फेऱ्या घ्या. दहा जागा, अकरा खेळाडू. तुम्ही मधल्या स्थितींत. एकापाशीं दोन-चारच चिंचोके उरले असून पुढच्याच डावीं त्याला ते सक्तीनें लावावे लागणार आहेत. इतक्यांत सर्वांत धनाढ्य खेळाडू सर्वस्व लावतो, आणि तुमच्या हातीं दोन एक्के येतात. स्वीकाराल तर शंभरांत १५ वेळां बाद व्हाल. जिंकलांत तरी पदरांत काय? दहावा येणारा आणि पहिला येणारा एकाच जागेचे धनी. पानें टाकलींत, तर जागा जवळजवळ निश्चित. येथें एक्के हंसतमुखानें खालीं ठेवावे.

पण याचा अर्थ भित्रेपणा नव्हे. तो दुर्बळ खेळाडू मुळीं नसता आणि बाद होण्याची पाळी तुमचीच असती, तर तेच एक्के टाकणें आत्मघात ठरला असता. पानें किती चांगलीं, हा अर्धाच प्रश्न आहे. जिंकून मिळणार किती आणि हरून जाणार किती, हा उरलेला अर्धा.

हें सारें चिंचोक्यांपुरतेंच ठेवावें, ही विनंति. आपल्याकडे जुगारप्रतिबंधाचा कायदा १८८७ पासून आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला. गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील बोटींवर परवान्यानें द्यूत चालतें, पण परवाना बोटीला असतो. घराला लागणाऱ्या ओहोटीला नसतो. द्यूतसभेंत धर्मराजाला फांशांनीं तर फसविलेंच, परंतु प्रत्येक हारीनंतर उठून जाण्याची वाट मोकळी असतांहि तो उठला नाहीं. उठावें केव्हां, हें ज्याला कळलें, त्याला खेळ कळला.