हा बाईच्या जातीचा भोग नव्हे!

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापला आणि जग हादरले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्के स्त्रियांची! शासनाला बाई आठवायची ती नसबंदीपुरती आणि बाळंतपणापुरती. पांढरे पाणी जाते, कंबर दुखते, हे तिने भोग म्हणून सोसायचे. भोग कसला? यातले कित्येक आजार औषधाने बरे होतात. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचा कैवार घेतला, तो दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. मायबहिणींनो, आरोग्य केंद्रात तपासणीही हक्कानेच मागा!