स्पीकरची केबल जमिनीपासून उचलणे आणि ध्वनीची गुणवत्ता : एक विवेचन

प्रस्तावना :
उच्च दर्जाच्या ध्वनियंत्रणेचे काही शौकीन अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी केबल जमिनीवर न ठेवता लाकडी किंवा चिनी मातीच्या लहान टेकूंवर ठेवतात. असे टेकू बाजारात स्वतंत्रपणे विकले जातात. त्यामुळे आवाज अधिक स्वच्छ होतो, असे सांगितले जाते. या दाव्यात कितपत तथ्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दाव्यामागील कारणे :
दाव्याच्या समर्थनार्थ प्रामुख्याने पुढील कारणे दिली जातात.
१) फरशी किंवा गालिचा केबलच्या सान्निध्यात आल्याने तिची धारकता बदलते.
२) गालिच्यावरील स्थिर विद्युतभार संकेतात अडथळा आणतो.
३) जमिनीची कंपने केबलमध्ये उतरतात.

विद्युतशास्त्रीय विवेचन :
साधारण केबलची धारकता दर मीटरला १०० पिकोफॅरड मानल्यास ३ मीटर लांबीसाठी ती ३०० पिकोफॅरड होते. मानवी श्रवणाची वरची मर्यादा मानल्या जाणाऱ्या २०,००० हर्ट्झ वारंवारतेस या धारकतेचा संरोध सुमारे २६,५०० ओहम येतो. स्पीकरचा संरोध मात्र ८ ओहमच्या आसपास असतो. म्हणजेच धारकतेच्या वाटेने जाणारा प्रवाह स्पीकरमधील प्रवाहाच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतका असतो. विद्युतक्षेत्र मुख्यत्वे दोन तारांच्या दरम्यान एकवटलेले असल्याने जमिनीमुळे या क्षुल्लक प्रवाहाचाही अल्प अंशच बदलतो.

स्थिर विद्युतभार व कंपने यांचा उपद्रव गिटारसारख्या उच्च संरोधाच्या मंडलात जाणवू शकतो. स्पीकरच्या मंडलात अॅम्प्लिफायरचा निर्गम संरोध सामान्यतः ओहमच्या अंशाइतकाच असल्याने असे सूक्ष्म विभवांतर तेथे टिकत नाही.

याउलट तारेची जाडी खरोखर महत्त्वाची ठरते. ५ मीटर अंतरासाठी जाण्यायेण्याची तांब्याची तार १० मीटर लागते. तिचे क्षेत्रफळ १.५ चौरस मिलिमीटर असल्यास रोध सुमारे ०.११ ओहम, तर ०.५ चौरस मिलिमीटर असल्यास ०.३४ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरवर यामुळे होणारी घट अनुक्रमे ०.१२ व ०.३७ डेसिबल इतकी असते.

श्रवणाची कसोटी :
अनेक श्रोत्यांना फरक जाणवतो, हा अनुभव खोटा मानण्याचे कारण नाही. तथापि केबल उचललेली आहे हे ठाऊक असताना अपेक्षाच श्रवणाला वळण लावते. म्हणून केबलची स्थिती श्रोत्यापासून व ती बदलणाऱ्याशी होणाऱ्या संपर्कापासूनही गुप्त ठेवून चाचणी घ्यावी लागते. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. इतके यश वारंवार मिळाले, तरच दाव्याचा गांभीर्याने विचार करता येईल.

निष्कर्ष :
केबल उचलल्याने ती पायाखाली येत नाही व सफाई सुलभ होते. हे लाभ खरे असले, तरी ध्वनीत श्रवणीय सुधारणा होण्यास विद्युतशास्त्रीय आधार आढळत नाही. ग्राहकाने टेकूंवरील खर्च पुरेशी जाड तार, स्पीकरची योग्य मांडणी आणि खोलीतील प्रतिध्वनीचे नियंत्रण यांकडे वळविणे अधिक हितावह ठरेल.