संशय घरूनच येतो

लंडनच्या भुयारी रेल्वेचा डबा. प्रवास जेमतेम चार मिनिटांचा. समोरचे प्रवासी श्वास घेतात, मान वळवतात, मधूनच आपल्याकडे नजर टाकतात. पण त्यांतला एकही खरा नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर घडवलेली ही माणसं, चेहऱ्यावर ना राग ना लोभ.

हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०० सर्वसामान्य लोकांनी हेडसेट चढवून हा प्रवास केला. अनेकांना सहप्रवासी साधे, अगदी मनमिळाऊही वाटले. तरी सुमारे ४० टक्के लोकांच्या मनात एखादा तरी संशय डोकावलाच. कोणाला वाटलं अमका रोखून बघतोय, कोणाला वाटलं तमक्याच्या मनात काळंबेरं आहे. डब्यात तर तसं काहीच नव्हतं. संशय ज्याचा त्याने घरून आणला होता. सतत काळजी करणारे आणि स्वतःला कमी लेखणारे लोक तो जास्त प्रमाणात घेऊन आले.

‘संशयकल्लोळ’ नाटकातल्या संशयी फाल्गुनरावाला आपण हसतो, पण संशयाचा एक जिना असतो आणि त्याच्या खालच्या पायऱ्यांवर आपणही अधूनमधून उभे असतो. वरच्या टोकाला असतो सायकोसिस. तिथे ‘माझ्याविरुद्ध कट शिजतोय’ ही शंका राहत नाही, पक्की खात्री होते. कानात आवाजही येऊ शकतात. तिथवर पोचण्यामागे आनुवंशिकता असते, बालपणीचे आघात असतात, गांजासारखी व्यसनंही असतात.

मग समजूत घालून ही खात्री मोडते का? सहसा नाही. छळाच्या भीतीने माणूस गर्दी टाळतो, नजर खाली ठेवतो आणि काही विपरीत घडलं नाही की म्हणतो, ‘सावध राहिलो म्हणून वाचलो!’ सावधगिरीच संशयाला खतपाणी घालते. २०१६ मध्ये फ्रीमन यांनी अशा ३० रुग्णांना आभासी डब्यात आणि लिफ्टमध्ये नेलं. निम्म्यांना सांगितलं, नजर वर करा, माणसांच्या जवळ जा. बाकीच्यांना नेहमीची सावधगिरी पाळू दिली. पहिल्या गटाचा संशय बराच अधिक ओसरला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा संशय तर दिवसअखेरीस तीव्र उरला नव्हता. धोका नाही हे त्यांना कोणी पटवलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः पडताळून पाहिलं होतं.

दुसरा धागा झोपेचा. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ निद्रानाशग्रस्त विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना झोप सुधारण्याचे ऑनलाइन उपचार मिळाले, त्यांची झोप सुधारलीच, शिवाय संशय आणि भासही कमी झाले. झोप उडणं हे आजाराचं नुसतं लक्षण नाही, ते एक कारणही आहे.

याचा अर्थ औषधं सोडावीत असा नाही. पण घरातलं कोणी ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात’ म्हणू लागलं, तर वाद घालू नका आणि ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋष्याकडेही धावू नका. आधी विचारा, रात्री झोप लागते का? मग मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही हाताशी ठेवा. वाद घातलात, तर त्या माणसाच्या डब्यात संशयित प्रवासी आणखी एक वाढेल: तुम्ही.