मुंबईचे भिसे, लंडनचे यंत्र आणि सुरतेतले मिस्त्री

भारतात पेटंटासाठी पहिला अर्ज कशाचा झाला असेल? आगगाडीच्या एखाद्या भागाचा? गिरणीतल्या मागाचा? नाही. तो पंखा ओढण्याच्या यंत्राचा होता. ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यातल्या जॉर्ज अल्फ्रेड डी-पेनिंग नावाच्या इंजिनियरने तो दाखल केला. त्या काळी साहेबाच्या डोक्यावर छताला कापडी पंखा टांगलेला असे आणि बाहेर व्हरांड्यात बसलेला पंखेवाला दिवसभर त्याची दोरी ओढत असे. ती दोरी यंत्राने ओढावी, इतकीच डी-पेनिंगची कल्पना होती. सुरतेच्या मे महिन्यात बसून हे वाचताना त्याच्या कल्पनेला दाद द्यावीशी वाटते!

मला या गोष्टीत एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पेटंट म्हटले की जग हादरवणारा शोध डोळ्यांसमोर येतो, पण बहुतेक पेटंटे लहान सुधारणांची असतात. दोरी कोणी ओढायची, स्क्रू कुठे बसवायचा, धागा तुटल्यावर यंत्र कसे थांबवायचे, असे हे प्रश्न असतात. सॉफ्टवेअरमध्येही आमचे दिवस असेच जातात. नवे जग उभे करण्याचे काम क्वचितच येते. बहुतेक वेळा कालच्या जागेवर आजची थोडी बरी जागा बसवायची असते.

सौदा काय असतो?

पेटंटाला शासकीय मराठीत ‘एकस्व’ म्हणतात. त्यामागचा सौदा सोपा आहे. सरकार शोधकाला सांगते, ‘तुझी युक्ती दुसऱ्या जाणकाराला करता येईल इतकी स्पष्ट लिहून दे, आकृत्या काढून दे. बदल्यात ठरावीक वर्षे तुझ्या परवानगीशिवाय ती कोणी वापरणार नाही. मुदत संपली की ती सगळ्यांची.’ १८५६ च्या कायद्यात ही मुदत १४ वर्षांची होती. आज ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे.

म्हणजे पेटंट हे गुपित नसते. ते जाहीर कागदावर असते आणि त्या कागदावर शोधकाचे नाव व तारीख असते. मोठमोठी नावे विसरली गेली तरी असे कागद टिकतात. ज्या मराठी माणसाची गोष्ट आज सांगायची आहे, त्याच्या बाबतीत नेमके हेच घडले.

कचेरीतून लंडनला

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. इंजिनियरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पोटासाठी सरकारी कचेरीत नोकरी आणि उरलेल्या वेळात यंत्रांशी खटपट, असे त्यांचे दिवस जात. आगगाडीत पुढच्या स्टेशनाचे नाव दाखवणारी पाटी आणि झाकण कोणी उघडले तर लगेच कळेल अशी बाटली, असले उद्योग त्यांनी मुंबईतच सुरू केले होते. लोकलच्या डब्यात पुढचे स्टेशन झळकते ना, तो विचार एका मराठी कारकुनाच्या डोक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी आला होता.

पुढे लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. दुकानात सुटे विकले जाणारे साखर-पिठासारखे सामान आपोआप तोलून देणारे यंत्र कोण बनवतो, असा प्रश्न होता. स्पर्धकांत तिथले इंजिनियर होते, पण बक्षीस मुंबईच्या भिसे यांना मिळाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला गेले. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांच्यासाठी दादाभाई नौरोजींकडे शब्द टाकला आणि दादाभाईंनी त्यांना आधार दिला.

राजकारणातल्या माणसांनी एका यंत्रवाल्यामागे का उभे राहावे? हिंदुस्थानातली संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, हे आकडे मांडून दाखवण्यात दादाभाईंची हयात गेली. हिंदी माणूस यंत्र वापरतोच, पण तो यंत्र घडवूही शकतो, हे लंडनच्या बाजारात सिद्ध होणे त्यांना नक्कीच मोलाचे वाटले असणार.

शिशाची अक्षरे

भिसे यांचे मोठे काम छपाईतले आहे. तेव्हा वर्तमानपत्राचे प्रत्येक अक्षर म्हणजे धातूचा एक खिळा असे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा. साच्याच्या टोकाला अक्षराचा खोलगट ठसा असतो. रस थिजला की खिळा बाहेर काढायचा. मग जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. आपल्याकडे मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथले देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले.

अमेरिकेत या कामाचे यंत्र करण्याची शर्यत लागली होती. ऑटमार मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात सुरू झाले. ते अख्खी ओळ एका पट्टीत ओतत असे. टॉलबर्ट लॅन्स्टन यांच्या मोनोटाइपने दुसरी वाट धरली. कळफलकावर मजकूर टंकला की कागदी पट्टीवर छिद्रे पडत आणि ती छिद्रे वाचून दुसरे यंत्र एकेक खिळा पाडत असे. जेकार्ड मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने फिरताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या लगेच लक्षात येईल की कल्पना तीच आहे. भोक असेल तर धागा उचल, नसेल तर राहू दे. माझ्या व्यवसायाचे पूर्वज कुठे शोधायचे असतील, तर ते मागावर आणि छापखान्यात सापडतात.

या यंत्रांची एक अडचण होती. धातूचा रस थिजायला वेळ लागतो आणि साचा सारखा तापत राहतो. त्यामुळे एकेक खिळा पाडायचा तर वेगाला मर्यादा येते. भिसे यांनी एकाच वेळी अनेक खिळे पाडण्याची दिशा घेतली. त्यांच्या यंत्राला ‘भिसोटाइप’ हे नाव मिळाले आणि मिनिटाला हजारावर खिळे पाडण्याचा त्याचा दावा होता. पेटंटे घेतली गेली. आता यंत्र तयार करून विकायचे होते, आणि खरी परीक्षा तिथेच सुरू झाली.

भांडवलाची गोष्ट

पेटंटाचा कागद हक्क देतो. कारखाना देत नाही, गिऱ्हाईकही देत नाही. दादाभाईंचे स्नेही आणि इंग्लंडमधले समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी भिसे यांच्यासाठी भांडवल उभे करण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला.

इकडे डिसेंबर १९०७ मध्ये आपल्या सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन भरले. जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडली, मंडपात खुर्च्या आणि जोडा उडाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यात मवाळांच्या बाजूला असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीच पुढे भिसे यांची शिफारस सर रतन टाटांकडे केली. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. जमशेटजींचे जन्मगाव नवसारी तर आपल्या शेजारचेच. १९१० मध्ये लंडनमध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ उभे राहिले.

तरीही यंत्राने बाजार काबीज केला नाही. लायनोटाइप आणि मोनोटाइप या कंपन्या तोवर पक्क्या रुजल्या होत्या. छापखान्यांनी त्यांची यंत्रे घेतली होती, माणसे त्यांवर तयार झाली होती, सुटे भाग मिळत होते. अशा ठिकाणी नुसते वेगवान यंत्र पुरत नाही. मोबाइलची चांगली ॲपे याच कारणाने मरताना आपणही पाहतो. त्यातच १९१४ ला महायुद्ध सुरू झाले.

भिसे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. तिथेही खिळे पाडण्याच्या यंत्रावर त्यांचे काम चालू राहिले. पैसा आणि नाव मात्र दुसऱ्याच वस्तूने दिले. ते होते आयोडीनचे एक औषध, जे ‘ॲटोमिडीन’ या नावाने विकले गेले. डिसेंबर १९३० मध्ये त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. ‘भारतीय एडिसन’ ही उपाधी त्यांच्या नावाला चिकटली. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

सुरतेचे गज्जर

त्याच काळातला एक सुरतकर इथे आठवतो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेत, सुतारकामाची परंपरा असलेल्या कुटुंबात झाला. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. तो डाग निघेना. अखेर तो काढला रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या गज्जरांनी.

गज्जरांचे त्याहून मोठे काम बडोद्याचे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा गज्जरांकडे दिली. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण तिथे इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही मिळावे, असा प्रयत्न होता. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून बडोद्यात ‘अलेम्बिक’ उभी राहिली आणि ती आजही आहे.

भिसे यांच्याकडे पेटंटे होती, पण मागे संस्था नव्हती. भांडवलासाठी दर वेळी नवा दाता शोधावा लागे. गज्जरांनी माणसे घडवली आणि त्या माणसांनी काम पुढे नेले. दोघांकडे एकत्र पाहिले की कळते, कल्पनेला कागद लागतो, पैसा लागतो आणि ती हाती घेणारी पुढची माणसेही लागतात.

आणि आज?

माझे काम इथल्या कापड युनिट्ससाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे. त्यामुळे उधना, पांडेसरा, लिंबायत भागात नेहमी जाणे होते. खानदेशातून आलेली आपली कितीतरी माणसे तिथे मागांवर आहेत. एका युनिटमध्ये धुळ्याकडचे एक मिस्त्री काका आहेत. धागा तुटला की माग थांबण्याआधी वाया जाणारे कापड कमी व्हावे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने एक छोटी पट्टी बनवून बसवली. महिन्याभरात शेजारच्या गाळ्यांत तशाच पट्ट्या लागल्या. काकांना त्याचे दुःख नाही. ‘चांगलं होतं म्हणून घेतलं लोकांनी,’ ते हसून म्हणाले. पण त्या पट्टीवर त्यांचे नाव कुठेच नाही, आकृती नाही, तारीख नाही. ते गावी परत गेले की ती पट्टी कोणी केली, हेही कोणाला कळणार नाही.

याचे दुसरे टोकही पाहा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत विमान उडवले, ही कथा आपल्याला ठाऊक असते. त्यावर २०१५ मध्ये हिंदी चित्रपटही आला. पण तपासून पाहता येईल असा त्या विमानाचा आराखडा आपल्या हाती नाही, त्यामुळे वाद संपत नाही. भिसे यांच्यावर चित्रपट नाही, पण त्यांची पेटंटे आजही कोणीही उघडून वाचू शकतो. इंग्रजीत त्यांचे आडनाव बी, एच, आय, एस, ई, वाय असे शोधा. जुनी पेटंटे इंटरनेटवर मोफत आहेत. बारकाईने काढलेल्या त्या आकृत्या एकदा तरी पाहाच.

शाळा-कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी:

- केलेल्या कामाची तारखेसह वही ठेवा. चुकलेले प्रयोगही लिहा.
- खरोखर नवी युक्ती असेल तर अर्जाआधी ती प्रदर्शनात किंवा व्हिडिओत दाखवू नका. आधी जाहीर झालेली गोष्ट साधारणपणे ‘नवी’ धरली जात नाही.
- आधी तात्पुरता अर्ज करता येतो. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.
- व्यक्ती आणि स्टार्टअप यांना अर्जाचे शुल्क कंपन्यांपेक्षा बरेच कमी असते. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.
- आपल्या कायद्यात नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. माझ्यासारख्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावे!

प्रत्येक पट्टीचे पेटंट घ्यावे असे मी म्हणत नाही. वेळ आणि वकिलाचा खर्च पाहता ते परवडतही नाही. पण लिहून ठेवायला काहीच खर्च येत नाही. मिस्त्री काकांच्या पट्टीची आकृती मी आणि त्यांच्या बारावीतल्या मुलीने मिळून कागदावर उतरवली आहे. मापे तिने घेतली. खाली काकांचे नाव आणि तारीख घातली आहे. तुमच्या घरात, तुमच्या युनिटमध्ये अशी एखादी युक्ती असेल तर या सुट्टीत तीही कागदावर उतरवा.