स्वप्न पाहिलं, लिहून काढलं!

घरात तीन लहान मुलगे, धाकटा अजून कडेवरचा. त्यात मुलांच्या पोहण्याच्या क्लासचा पहिला दिवस. म्हणजे घाई किती असेल, तुम्हीच सांगा! अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणाऱ्या एका गृहिणीची २ जून २००३ ची ही सकाळ. पण तिच्या डोक्यात घोळत होतं ते स्वप्न. जंगलात एक साधीशी मुलगी आणि एक देखणा, माणसाचं रक्त पिणाऱ्यांच्या जातीतला तरुण बोलत उभे आहेत. त्याचं तिच्यावर प्रेम आणि तिच्या रक्ताची तहानही! कामं तशीच टाकून तिनं त्या दिवशी दहा पानं लिहिली.

ही स्टेफनी मायर. जन्म १९७३ चा, पदवी इंग्रजी साहित्याची. पण त्याआधी साधी कथाही छापून आलेली नव्हती. मुलं झोपली की ती रात्री लिहायला बसे. तीन महिन्यांत कादंबरी पुरी झाली. बहिणीनं आग्रह धरला म्हणून तिनं पंधरा साहित्य-एजंटांना पत्रं पाठवली. नऊ नकार, पाच जणांचं उत्तरच नाही. एकीनं मात्र हो म्हटलं आणि तीन पुस्तकांसाठी साडेसात लाख डॉलरचा करार झाला! २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ आली, २००८ पर्यंत चार भाग झाले. पुढे पाच सिनेमे निघाले, दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या.

सगळं गोडच होतं असं नाही हं! २००८ मध्ये तिच्या अपुऱ्या कादंबरीची प्रकरणं परस्पर इंटरनेटवर फुटली. ती इतकी दुखावली, की लेखन बाजूला ठेवलं. ‘मिडनाइट सन’ हे ते पुस्तक अखेर आलं २०२० मध्ये.

टीकाही भरपूर झाली. यातला नायक नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. हे प्रेम की पाळत? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली म्हणतात, “ताई, तो सारखा फोन तपासतो, पण जीवही तितकाच लावतो हो!” कादंबरीत जे रोमांचक वाटतं, ते घरात आलं की गळफास होतं. नायिका सतत वाचवली जाणारी अबला आहे, या आक्षेपाला मायरनं २०१५ मध्ये वेगळंच उत्तर दिलं. तिनं नायकाची मुलगी आणि नायिकेचा मुलगा करून तीच गोष्ट पुन्हा लिहिली!

म्हणून लेकीच्या हातात असं पुस्तक दिसलं तर हिसकावून घेऊ नका. आपणही वाचा. मग चहा पिता पिता सहज विचारा, “काय गं, असा मुलगा खरंच भेटला तर तुला आवडेल?” त्या गप्पांतून लेक काय मानते, ते कळेल.

आणि मैत्रिणींनो, तुमच्याही मनात एखादी गोष्ट घोळत असेल, तर भांडी थोडा वेळ तशीच राहू द्या. आधी ती वहीत उतरवा!