गच्चीवरून खाली

संडे स्कूलमध्ये दावीद म्हटले की गोफण आणि गल्याथ. मोठेपणी त्यात बथशेबाची भर पडते आणि प्रवचन बहुधा नाथान संदेष्टा, पश्चात्ताप आणि ५१वे स्तोत्र इथवर येऊन संपते. शमुवेलाचे दुसरे पुस्तक मात्र तिथे थांबत नाही. ११व्या अध्यायातले पाप १३ ते १८ या अध्यायांत घरभर कसे फिरते, याचा हिशेब त्यात नावानिशी मांडला आहे.

सुरुवात साधी आहे. सैन्य राब्बाला वेढा घालून बसले आहे आणि राजा यरुशलेमेत. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना त्याला अंघोळ करणारी स्त्री दिसते. तो माणूस पाठवून चौकशी करतो. उत्तर येते: बथशेबा, अलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको. एवढे कळल्यावर विषय संपायला हवा होता. तो पुन्हा माणसे पाठवून तिला आणवतो. दिवस राहिल्याचा निरोप ती पाठवते. मग उरीयाला पाठवून द्या, असा हुकूम रणांगणावर जातो. ‘पाठवणे’ हे क्रियापद या अध्यायात पेन्सिलीने खुणा करत वाचावे इतक्या वेळा येते. राजाला स्वतः कुठे जावे लागत नाही. हात दुसऱ्यांचे वापरता येतात. उरीया घरी जात नाही, चाकरांसोबत राजवाड्याच्या दाराशी झोपतो. दारू पाजली तरी जात नाही. शेवटी त्याच्या मरणाची चिठ्ठी त्याच्याच हाती सेनापती यवाबाकडे जाते. हा उरीया दावीदाच्या ३७ निवडक वीरांपैकी एक.

मग नाथान येतो आणि दोन गोष्टी सांगतो: तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस, पण तुझ्या घरातून तलवार हटणार नाही. आपण पहिली गोष्ट ऐकतो आणि दुसरी सोयीने विसरतो. क्षमा खरीच होती. पण क्षमा झाली म्हणून उरीया परत आला नाही आणि मुलांनी पाहिलेले पुसले गेले नाही.

थोरला मुलगा अम्नोन आजाराचे सोंग घेतो. बाप भेटायला आल्यावर म्हणतो, सावत्र बहीण तामारने माझ्यासमोर पोळ्या करून द्याव्यात. दावीद तिला पाठवतो. तेच क्रियापद. ती कणीक मळते, पोळ्या भाजते, ताटात वाढते. बलात्कार झाल्यावर तो तिला बाहेर काढून दाराला अडसर घालायला लावतो. ती डोक्यावर राख घालून, अंगावरचा पायघोळ झगा फाडून रडत जाते. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. ‘मंडळीत नाव जाईल’ म्हणून आपल्याकडे जे दाबले जाते, ते याच सुरात. आणि दावीद? तो फार संतापला, एवढेच लिहिले आहे. पुढे काही नाही.

माझ्या मते साऱ्या कथेचा सांधा या रिकाम्या जागेत आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात कारण दिले आहे: अम्नोन थोरला म्हणून लाडका. असेलही. पण बापाने बोलायचे तरी कोणत्या तोंडाने? दुसऱ्याची बाई उचलून आणू नये हे सांगायला तो तोंड उघडणार, तर मुलाची नजर गच्चीकडे जाणार. अम्नोनाचा गुन्हा अम्नोनाचाच. बापाचा दोष मुलाच्या माथी मारू नये, हे यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट आहे. तरी घरात ‘असे करू नकोस’ म्हणणारा आवाज उरला नाही, ते बापामुळेच.

दोन वर्षे अबशालोम अम्नोनाशी चकार शब्द बोलत नाही. मग मेंढरांच्या लोकर कातरणीला तो अम्नोनाला बोलावतो. बाप का-कू करतो आणि अखेर पाठवतो. आधी दारू, मग खून: उरीयाच्याच वेळची रीत, फक्त इथे दारूचा उपयोग झाला. मारेकरी भाऊ तीन वर्षे गशूरला आजोबांकडे राहतो, नंतर दोन वर्षे यरुशलेमेत, पण बापाचे तोंड न पाहता. पुढे हेब्रोनातून त्याचे बंड होते. दावीद अनवाणी, रडत जैतुनाच्या डोंगरावर चढतो, आणि मागे अबशालोम राजवाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून बापाच्या दहा उपपत्नींकडे जातो. त्या स्त्रियांचे काय झाले हे फार कोणी विचारत नाही. दावीदाने परत आल्यावर त्यांना मरेपर्यंत बंद घरात, विधवेसारखे ठेवले.

मुलाला सांभाळा, असे बापाने बंडाविरुद्धच्या लढाईला निघालेल्या सेनापतींना बजावले होते. तरीही झाडाला लटकलेल्या अबशालोमाच्या छातीत भाले खुपसले ते यवाबाने. उरीयाची चिठ्ठी ज्याच्याकडून अमलात आणली, त्याला राजा कशाच्या जोरावर आवरणार?

हे अध्याय एकदा घरच्यांसोबत सलग वाचा. १४व्या अध्यायाच्या २७व्या वचनापाशी जरा थांबा. तिथे अबशालोमाच्या मुलीचे नाव आहे: तामार.