स्वस्त गोधडीचे मोल

स्वतः गोधडी शिवणाऱ्या स्त्रीने दुकानातील तयार गोधडी विकत घ्यावी काय? १९९२ मध्ये अमेरिकेत या प्रश्नाने वादळ उठविले. स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयसंस्थेने आपल्या संग्रहातील जुन्या गोधड्यांच्या प्रतिकृती चीनमध्ये करवून घेण्यास परवानगी दिली होती. गोधड्या शिवणाऱ्या हजारो स्त्रियांनी तिचा निषेध केला.

त्यांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु तो अपुरा होता. प्रतिकृतींत हॅरिएट पॉवर्स यांची बायबलमधील कथांची गोधडी होती. गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आर्थिक अडचणीपायी, ती अवघ्या ५ डॉलरांना विकावी लागली. तेव्हा चीन स्पर्धेत नव्हता. तरीही श्रमाचे मोल झाले नाही. चिनी प्रतिकृतींवरील टाकेही हातांनीच घातलेले होते.

तेव्हा तयार गोधडी घेणे हा अपराध नव्हे. वेळ हीदेखील संपत्तीच आहे. मात्र एका गोधडीत किती रात्री खर्ची पडतात, हे शिवणारीइतके अन्य कोणत्या ग्राहकास ठाऊक असणार? म्हणूनच स्वस्ताईसाठी कोणाची मजुरी कापली गेली, हा प्रश्न तिने विचारलाच पाहिजे. आणि तो परदेशी मालाइतकाच स्वदेशी मालालाही विचारला पाहिजे.